मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेचा बिघाड व दुरुस्ती

मोटारीतील वातानुकूलन यंत्रणा (बोलीभाषेत 'गाडीचा एसी') ही प्रवासी कक्षातील उष्णता व आर्द्रता बाहेर टाकणारी बंदिस्त प्रशीतन यंत्रणा होय. ती थंड हवा देईनाशी झाली की दोष प्रामुख्याने चार ठिकाणी संभवतो: कक्षातील हवेचा प्रवाह, विद्युत मंडल, प्रशीतकाचे मंडल आणि गाडीच्या पुढील भागातून होणारा उष्णतेचा निचरा. कोणताही भाग बदलण्यापूर्वी दोष यांपैकी कोठे आहे हे ठरवणे, म्हणजेच निदान करणे, हा दुरुस्तीचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे.

भारतातील गॅरेजांमध्ये या बिघाडाचे सर्वाधिक ऐकू येणारे निदान 'गॅस संपला' असे असते. परंतु प्रशीतक, म्हणजेच ज्याला व्यवहारात गॅस म्हणतात तो पदार्थ, हे इंधन नव्हे. बंदिस्त मंडलात ते पुनःपुन्हा फिरत राहते. वापरामुळे खर्च होत नाही. रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या दांड्यावरील सील यांतून वर्षाकाठी काही ग्रॅम प्रशीतक झिरपते, हे खरे. पण एक-दोन हंगामांत थंडावा नाहीसा झाला असेल, तर मंडलात गळती आहे किंवा दोष मुळात प्रशीतकाचा नाहीच. म्हणून गळती न शोधता पुन्हा गॅस भरणे ही दुरुस्ती ठरत नाही.

## इतिहास

कारखान्यातूनच बसवलेली वातानुकूलन यंत्रणा देणारी पहिली मोटार कंपनी अमेरिकेतील पॅकार्ड ही होय. तिने १९४० सालच्या गाड्यांसाठी ही सोय उपलब्ध करून दिली. या यंत्रणेची कूलिंग कॉइल गाडीच्या मागील भागात होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. त्यामुळे प्रशीतन बंद करावयाचे झाल्यास इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. १९५४ मध्ये नॅश या अमेरिकी कंपनीने गाडीच्या पुढील भागात मावणारी आणि तापन व शीतन एकत्र करणारी सुटसुटीत यंत्रणा आणली. आजच्या गाड्यांतील मांडणी साधारणपणे तशीच आहे.

## रचना व कार्य

यंत्रणा थंडी निर्माण करत नाही. ती आतील उष्णता उचलून बाहेर नेते. द्रवाचे बाष्प होताना तो भोवतालची उष्णता शोषतो आणि बाष्पाचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर पडते. या तत्त्वावर तिचे कार्य चालते. तिचे मुख्य घटक पुढीलप्रमाणे आहेत:

- कॉम्प्रेसर (संपीडक): इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा हा पंप कमी दाबाचे बाष्प शोषून ते जास्त दाबाचे व उष्ण करतो. त्याच्या पुलीवर विद्युतचुंबकीय क्लच असतो. एसीचे बटण दाबल्यावर येणारा 'टक्' असा आवाज हा क्लच जोडला गेल्याचा असतो.
- कंडेन्सर (संघनक): रेडिएटरच्या पुढे बसवलेली जाळी. येथे उष्ण बाष्प बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रवरूप होते.
- ड्रायर: द्रव साठवणारी, गाळणारी आणि त्यातील पाण्याचा अंश शोषून घेणारी लहान डबी. अनेक नव्या गाड्यांत ती कंडेन्सरच्या कडेलाच जोडलेली असते.
- एक्स्पान्शन व्हॉल्व्ह: द्रवाला अरुंद छिद्रातून जाऊ देऊन त्याचा दाब एकदम कमी करणारी झडप. काही गाड्यांत तिच्याऐवजी बारीक छिद्राची स्थिर नळी असते. तेव्हा ड्रायरची जागा कूलिंग कॉइलनंतर येणारी संचयक टाकी घेते.
- कूलिंग कॉइल (बाष्पित्र): डॅशबोर्डखालील जाळी. हिच्यात कमी दाबाच्या द्रवाचे बाष्प होते, जाळी थंड होते आणि ब्लोअरने तिच्यावरून नेलेली हवा गार व कोरडी होऊन कक्षात येते.

सध्या भारतातील बहुतांश गाड्यांत आर-१३४ए हे प्रशीतक वापरले जाते. वातावरणीय दाबाला त्याचा उत्कलनबिंदू सुमारे उणे २६ अंश सेल्सिअस असतो. कूलिंग कॉइलमध्ये दाबमापकावर सुमारे ३० पीएसआय दाब असताना ते १ ते २ अंशांना उकळते. कंडेन्सरमध्ये २०० पीएसआय दाबाला ते सुमारे ५५ अंशांना द्रवरूप होते. बाहेर ४० अंश तापमान असतानाही उष्णता बाहेर फेकली जाते, ती कंडेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा अधिक तापलेला असतो म्हणूनच. हवेचा प्रवाह अडला, की हे गणित बिघडते.

प्रशीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे वंगणतेलही मंडलात फिरत असते. प्रशीतक फार कमी झाले की तेल कॉम्प्रेसरकडे पुरेसे परतत नाही. त्यामुळे दुर्लक्षित गळतीतून पुढे कॉम्प्रेसर निकामी होण्याचा मोठा खर्च उद्भवू शकतो.

## लक्षणांवरून प्राथमिक अंदाज

यंत्रणेचे वर्तन बारकाईने पाहिल्यास उपकरणांशिवायही दोषाची दिशा बरीचशी कळते.

- गाडी धावताना गार हवा, सिग्नलला किंवा कोंडीत गरम हवा: वेगात असताना कंडेन्सरला आपोआप वारा मिळतो, थांबल्यावर तो पंख्यावर अवलंबून असतो. त्यामुळे संशय प्रथम पंखा, त्याची मोटर, फ्यूज व रिले यांवर जातो. कंडेन्सर चिखल, कीटक वा तंतूंनी भरल्यासही असेच घडते.
- आरंभी चांगला थंडावा, नंतर हवेचा झोत मंदावणे, थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक: कूलिंग कॉइलवर बर्फ साचत असल्याची ही खूण आहे. कॉइलच्या तापमानाची नोंद घेणारा संवेदक बिघडलेला असणे, फिल्टर तुंबलेला असणे किंवा प्रशीतक काहीसे कमी असणे ही त्याची कारणे होत.
- तासाभराच्या प्रवासानंतर थंडावा एकदम जाणे व इंजिन निवल्यावर परत येणे: क्लचच्या दोन चकत्यांमधील अंतर झिजेमुळे वाढलेले असते. गुंडाळी तापली की तिचे चुंबकत्व क्षीण होते आणि ती चकती ओढून धरू शकत नाही.
- काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हळूहळू कमी होत गेलेला थंडावा: संथ गळती.
- काल ठीक, आज एकदम बंद: उडालेला फ्यूज, तुटलेली तार, तुटलेला पट्टा किंवा दगड लागून फुटलेला कंडेन्सर.
- एका बाजूच्या झोतातून गार व दुसऱ्या बाजूच्या झोतातून कोमट हवा: तापमान नियंत्रित करणाऱ्या झडपेचा दोष, काही गाड्यांत कमी प्रशीतकामुळेही असे होते.
- झोताला कुबट वास किंवा पुढील पायपोसावर पाणी: कॉइलवरील बुरशी, तसेच दवाचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबणे. गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी हे मात्र यंत्रणा चालू असल्याचे लक्षण आहे, दोष नव्हे.

## निदानाचा क्रम

निदान सोप्याकडून अवघडाकडे आणि बिनखर्चाच्या तपासणीकडून खर्चिक तपासणीकडे जाणारे असावे. प्रशीतकाचे मंडल उघडण्याची वेळ शेवटी यावी. कारण ते एकदा उघडले की ड्रायर, रबरी सील, निर्वातन आणि पुनर्भरण यांचा खर्च अटळ असतो.

### हवेचा प्रवाह

प्रथम ब्लोअर सर्व वेगांवर चालतो का ते पाहावे. केवळ सर्वांत वरच्या वेगावरच तो चालत असेल, तर वेग नियंत्रित करणारा रोधक जळालेला असतो. त्यानंतर कक्षातील हवेचा फिल्टर काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत तो हातमोज्यांच्या कप्प्यामागे असतो आणि हत्यारांशिवाय निघतो. धूळ, पाने आणि केस यांनी भरलेला फिल्टर झोत निम्म्यावर आणू शकतो.

झोत भरपूर असून हवा कोमट येत असेल, तर थंड हवेत इंजिनाची उष्णता मिसळत असण्याची शक्यता असते. डॅशबोर्डमध्ये हीटरच्या जाळीकडे जाणारी हवा अडवणारी एक झडप असते. तिची लहान मोटर किंवा दांडा बिघडला, की कूलिंग कॉइलने गार केलेली हवा लगेच पुन्हा तापते. अशा वेळी बॉनेटखालील जाड नळी हाताला थंडगार लागते, तिच्यावर दवही दिसते. तरीही कक्ष थंड होत नाही. अशा गाडीत गॅस भरल्याने काहीच साधत नाही.

थंडाव्याच्या मोजणीसाठी गाडी सावलीत उभी करून, इंजिन मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांवर, तापमान सर्वांत कमी व आतील हवाच फिरवण्याची कळ चालू ठेवून मधल्या झोतात तापमापक धरावा. काही मिनिटांनी झोताची हवा बाहेरच्या हवेपेक्षा साधारणतः १५ ते २० अंशांनी थंड असावी. दमट हवेत यंत्रणेची बरीच शक्ती बाष्पाचे पाणी करण्यात जाते. त्यामुळे कोकण किनारपट्टीवर मिळणारा फरक विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यातील फरकापेक्षा कमी असणे स्वाभाविक आहे.

### विद्युत मंडल

बटण दाबल्यावर क्लच जोडला जात नसेल, तर पुढील क्रम उपयुक्त ठरतो: फ्यूज, रिले, क्लचपर्यंत येणारा विद्युतदाब, क्लचचे भूसंधान, गुंडाळीचा रोध, दाबाचा स्विच आणि कॉइलचा संवेदक. क्लचच्या जोडणीवर १२ व्होल्ट पोहोचत असूनही तो ओढला जात नसेल, तर दोष क्लचमध्येच असतो. गुंडाळीचा रोध साधारणतः ३ ते ५ ओहम असतो. तो अनंत दाखवत असेल तर गुंडाळी तुटलेली असते. चकत्यांमधील फट फिलर गेजने मोजतात. ती बहुधा ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. वाढलेली फट आतील पातळ कडी काढून कमी करता येते आणि केवळ तेवढ्यावर कॉम्प्रेसर बदलण्याचा खर्च टळू शकतो.

विद्युतदाब क्लचपर्यंत येतच नसेल, तर यंत्रणेने तो हेतुपुरस्सर रोखलेला असू शकतो. प्रशीतकाचा दाब सुमारे २ बारच्या खाली गेल्यास किंवा सुमारे ३० बारच्या वर गेल्यास दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो. इंजिन अतितप्त झाल्यास किंवा त्याच्यावर एकदम भार आल्यास नियंत्रण संगणकही तो बंद करतो. या स्विचच्या दोन तारा थेट जोडून कॉम्प्रेसर चालवून पाहण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. प्रशीतक नसताना असे केल्यास कॉम्प्रेसर तेलाविना फिरून अल्पावधीत जाम होऊ शकतो. स्विचने प्रवाह रोखला असेल, तर तो दोष नसून पुराव्याचा भाग समजावा.

अलीकडच्या अनेक गाड्यांत बदलत्या क्षमतेचे कॉम्प्रेसर असतात. त्यांपैकी काहींना क्लचच नसतो. पुली सतत फिरते आणि आतील नियंत्रण झडप क्षमता कमी-जास्त करते. अशा गाड्यांत 'टक्' आवाज न येणे हे बिघाडाचे लक्षण मानता येत नाही. पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला येणारे उंदीर तारा कुरतडतात. म्हणून वायरिंगची नजरेने केलेली पाहणीही आवश्यक ठरते.

### उष्णतेचा निचरा

एसी चालू केल्यावर पंखा फिरतो का, योग्य दिशेने फिरतो का आणि त्याचा वेग पुरेसा आहे का हे पाहावे. कंडेन्सरची पुढची बाजू स्वच्छ दिसली तरी कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधील फटीत धुळीचा थर साचलेला असू शकतो. स्वच्छतेसाठी पाण्याचा सौम्य झोत वापरावा. जास्त दाबाच्या झोताने ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या वाकतात आणि हवा अधिकच अडते. समुद्रकिनाऱ्यावरील खाऱ्या हवेत या पात्या गंजून गळून पडतात. अशा कंडेन्सरमध्ये गळती नसली तरी त्याची उष्णता देण्याची क्षमता घटलेली असते.

## दाबमापन

मंडलाच्या कमी व जास्त दाबाच्या बाजूंना निळा व लाल असे दोन दाबमापक जोडून यंत्रणेच्या आतील स्थिती वाचली जाते. याबाबत एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी लागते. यंत्रणा बंद असताना दोन्ही मापक सारखाच दाब दाखवतात आणि तो केवळ तापमानावर अवलंबून असतो. ३० अंश तापमानाला आर-१३४एचा हा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो. मंडलात द्रवाचा थोडासा अंश असेपर्यंत प्रशीतक २०० ग्रॅम असो वा ५०० ग्रॅम, मापकावरचा आकडा बदलत नाही. म्हणजे स्थिर दाब प्रशीतक आहे किंवा नाही एवढेच सांगतो, ते किती आहे हे सांगत नाही. प्रमाणाची खात्री केवळ ते बाहेर काढून वजन केल्यानेच होते.

चालू स्थितीत, बाहेरचे तापमान ३० ते ३५ अंश असताना, कमी दाबाची बाजू साधारणतः २५ ते ४० पीएसआय आणि जास्त दाबाची बाजू १७० ते २५० पीएसआय असते. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या आकड्यांचा एकत्रित अर्थ लावावा लागतो.

- दोन्ही दाब कमी: प्रशीतक कमी आहे. गळती शोधावी.
- दोन्ही दाब जास्त: प्रशीतक प्रमाणाबाहेर भरले आहे, मंडलात हवा शिरली आहे किंवा कंडेन्सरला पुरेसा वारा मिळत नाही. कंडेन्सरवर पाणी शिंपडल्यावर दाब झपाट्याने उतरून थंडावा आला, तर पंखा व स्वच्छता यांकडे प्रथम लक्ष द्यावे.
- कमी बाजू अतिशय कमी, क्वचित निर्वाताकडे झुकलेली: मार्गात अडथळा आहे. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकला आहे किंवा ड्रायर तुंबला आहे. जेथे अडथळा असतो तेथे नळीवर दव वा बर्फ दिसतो.
- कमी बाजू जास्त आणि जास्त बाजू कमी: कॉम्प्रेसर झिजला असून तो पुरेसा दाब निर्माण करत नाही.
- कमी बाजू जास्त, परतीची नळी कॉम्प्रेसरपर्यंत अतिथंड: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत अडकला आहे.
- प्रथम सर्व ठीक, नंतर कमी बाजू निर्वाताकडे, काही वेळाने पुन्हा ठीक: मंडलात पाणी असून ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठते व वितळते.
- दोन्ही दाब योग्य, तरीही कक्षात गरम हवा: दोष प्रशीतकाच्या मंडलात नाही; हवेच्या झडपा तपासाव्यात.

## गळतीचा शोध

गळतीच्या नेहमीच्या जागा म्हणजे नळ्यांच्या सांध्यांतील रबरी कड्या, कॉम्प्रेसरच्या दांड्यावरील सील, कंडेन्सरचा पुढचा पृष्ठभाग, रबरी नळीवर दाबून बसवलेली धातूची टोके, गॅस भरण्याच्या झडपा आणि कूलिंग कॉइल. बाहेर पडणाऱ्या प्रशीतकाबरोबर तेलही येते व त्यावर धूळ बसते. म्हणून सांध्यावरील तेलकट काळा डाग हा सर्वांत सोपा सुगावा असतो.

साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे ही जुनी पद्धत ठळक गळतीसाठी पुरेशी आहे. बारीक गळतीसाठी इलेक्ट्रॉनिक शोधक वापरतात. प्रशीतक हवेपेक्षा जड असल्याने शोधकाचे टोक सांध्याच्या खालच्या बाजूने सावकाश फिरवावे लागते. तिसऱ्या पद्धतीत तेलात प्रकाशमान रंग मिसळून गाडी काही दिवस चालवतात व नंतर जंबुपार दिव्याखाली गळतीची जागा पाहतात. डॅशबोर्डखालील कूलिंग कॉइल दिसत नसल्याने तिची गळती शेवटपर्यंत लपून राहते. ब्लोअर थोडा वेळ चालवून व बंद करून शोधकाचे टोक झोताच्या तोंडाशी किंवा पाण्याच्या निचरा-नळीशी धरल्यास ती ओळखता येते.

मंडल रिकामे असल्यास त्यात कोरडा नायट्रोजन दाबाने भरून चाचणी घेतात. या कामासाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये. दाबाखालील ऑक्सिजन व तेल यांच्या संयोगाने स्फोट होतो. साधी दाबयुक्त हवाही निषिद्ध आहे: तिच्याबरोबर पाण्याची वाफ आत जाते आणि जास्त दाबाखाली हवा व आर-१३४ए यांचे मिश्रण ज्वलनशील होऊ शकते. निर्वात टिकला म्हणजे गळती नाही, हा समजही अपुरा आहे. निर्वातात फरक केवळ एका वातावरणीय दाबाचा आणि तोही आतल्या दिशेने असतो. चालू यंत्रणेत तो त्याच्या दहापटींहून अधिक व बाहेरच्या दिशेने असतो.

## दुरुस्ती व पुनर्भरण

दोष निश्चित झाल्यावर उरलेले प्रशीतक हवेत न सोडता यंत्राने टाकीत काढून घेतात. सदोष भाग बदलताना उघडलेल्या प्रत्येक सांध्याची रबरी कडी नवी घालतात व ती तेलात बुडवून बसवतात. मंडल उघडले गेल्यास ड्रायर बदलणे इष्ट असते; हवेतील आर्द्रता शोषून तो लवकरच निकामी होतो. काढलेल्या भागात अडकलेल्या तेलाइतके नवे तेल घालतात. तेल कमी पडल्यास कॉम्प्रेसर झिजतो, जास्त झाल्यास थंडावा घटतो.

कॉम्प्रेसर आतून तुटला असल्यास काम वाढते. धातूचा चुरा संपूर्ण मंडलात पसरलेला असतो. नळ्या धुऊन काढता येतात. पण आधुनिक कंडेन्सरच्या अत्यंत बारीक मार्गांतील चुरा धुऊन निघत नाही. अशा वेळी कंडेन्सर, ड्रायर व एक्स्पान्शन व्हॉल्व्ह न बदलता केवळ नवा कॉम्प्रेसर बसवल्यास तोही थोड्याच दिवसांत खराब होण्याची शक्यता असते.

यानंतर निर्वात पंपाने किमान अर्धा तास मंडल रिकामे करतात. याचा उद्देश केवळ हवा काढणे हा नसतो. आतील निरपेक्ष दाब सुमारे २५ मिलिमीटर पाऱ्याइतका उतरला की पाणी २६ अंशांच्या आसपासच उकळते. दाब त्याहून खाली नेला की मंडलातील ओलावा वाफ होऊन निघून जातो. राहिलेले पाणी छिद्रात गोठते आणि तेलाशी व धातूशी विक्रिया होऊन आतील भाग गंजतात.

प्रशीतक नेहमी वजनाने भरावे. त्याचा प्रकार व ग्रॅममधील प्रमाण बॉनेटखालील पट्टीवर छापलेले असते. लहान गाड्यांत ते बहुधा ३५० ते ६०० ग्रॅम असते. 'थोडा जास्त गॅस म्हणजे थोडा जास्त थंडावा' ही समजूत चुकीची आहे. अतिरिक्त द्रव कंडेन्सरची जागा अडवतो, दाब वाढतो, इंजिनावरील भार वाढतो व थंडावा उलट घटतो. गळती आतून बुजवण्याचा दावा करणारी रसायने टाळलेली बरी. ती एक्स्पान्शन व्हॉल्व्ह व गॅस काढण्याचे यंत्र या दोहोंनाही तुंबवू शकतात.

## प्रशीतके व पर्यावरण

पूर्वी गाड्यांत आर-१२ हे क्लोरोफ्ल्युरोकार्बन वापरले जाई. अशा संयुगांतील क्लोरीन ओझोन थराचा नाश करतो, हे मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी झालेल्या मॉन्ट्रियल करारानुसार त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आला. भारत १९९२ मध्ये या करारात सहभागी झाला आणि २००० मध्ये ओझोन थर घटवणाऱ्या पदार्थांच्या नियमनासाठी देशात नियम लागू झाले. १९९० च्या दशकात मोटारींमध्ये आर-१२ ची जागा आर-१३४एने घेतली.

आर-१३४एने ओझोनला धोका नाही. परंतु ते प्रबळ हरितगृह वायू आहे. शंभर वर्षांच्या मोजणीत त्याची तापन क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरली जाते. या हिशेबाने ४५० ग्रॅम प्रशीतक हवेत सुटणे म्हणजे सुमारे ६४० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे हे प्रमाण सुमारे २८० लिटर पेट्रोलइतके होते. गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरणाऱ्या गाडीचा हा अदृश्य भार होय.

युरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारींत १५० पेक्षा अधिक तापन क्षमतेच्या प्रशीतकांना मनाई आहे. तेथे प्रामुख्याने आर-१२३४वायएफ वापरले जाते. त्याची तापन क्षमता अत्यल्प आहे, पण ते सौम्य ज्वलनशील आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने आर-१३४एसारख्या पदार्थांचा वापर घटवण्याचे ठरले. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली.

## धोके व दक्षता

द्रवरूप प्रशीतक त्वचेवर वा डोळ्यात उडाल्यास हिमदंश होतो. म्हणून चष्मा व हातमोजे आवश्यक असतात. बंद जागेत ते श्वसनातील ऑक्सिजनची जागा घेते. ज्योतीच्या किंवा तापलेल्या धातूच्या संपर्कात आर-१३४एपासून हायड्रोजन फ्ल्युओराइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यामुळे भरलेल्या मंडलावर वेल्डिंग करणे अत्यंत घातक आहे.

भेसळयुक्त प्रशीतकाचा धोका त्याहून गंभीर असतो. स्वस्त पर्याय म्हणून मिसळलेले मिथाइल क्लोराइड ॲल्युमिनियमशी विक्रिया करून हवेच्या संपर्कात पेट घेणारी संयुगे तयार करते. २०११ मध्ये अशा भेसळीमुळे सागरी वाहतुकीतील शीत कंटेनरांचे स्फोट होऊन कामगारांचे मृत्यू झाले. स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील वायू एसीत भरणे याच कारणाने धोकादायक आहे: कूलिंग कॉइल गळल्यास तो वायू थेट प्रवासी कक्षात शिरतो.

संकरित व विजेवरील गाड्यांत कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टच्या विद्युतदाबावर चालतो. त्याच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. अशा कॉम्प्रेसरसाठी विद्युतरोधक तेल लागते. साध्या गाडीचे तेल चुकून मिसळल्यास विद्युतरोध घटून गाडी बंद पडू शकते. अनेक विद्युत गाड्यांत हीच यंत्रणा बॅटरीही थंड ठेवत असल्याने तिचा बिघाड केवळ प्रवाशांच्या सोयीचा प्रश्न राहत नाही.

## देखभाल

फिल्टर वेळेवर बदलणे, उन्हाळ्यापूर्वी कंडेन्सर धुणे, पट्ट्याचा ताण पाहणे आणि हिवाळ्यातही आठवड्यातून काही मिनिटे एसी चालवणे हे उपाय पुरेसे असतात. अधूनमधून चालवल्याने तेल फिरून दांड्यावरील सील ओलसर राहते. ठीक चालणाऱ्या यंत्रणेत ठरावीक काळाने गॅस 'टॉप-अप' करण्याची गरज नसते. गॅस भरण्याचा सल्ला मिळाल्यास आधी किती ग्रॅम शिल्लक होता, गळती कोठे आढळली आणि ती कशी बंद केली, हे तीन प्रश्न विचारणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.

## हेही पाहा

- प्रशीतन
- उष्णता पंप
- ओझोन थर
- मॉन्ट्रियल करार